लोंबता दोरा

आमचे हे शिंपी. गिऱ्हाइकं ह्यांना मास्तर म्हणतात. कापणं-शिवणं ह्यांचं, काजं-बटणं माझी, आणि बत्तीस वर्षं एकाच खोलीत समोरासमोर बसून आमचं दुकान चाललंय. कंबरेचं माप घ्यायला टेप गुंडाळला की गिऱ्हाईक पोट आत ओढतं. तेव्हा ह्यांचं ठरलेलं वाक्य, "श्वास सोडा साहेब, पोट लपवून कापड वाचत नाही!" आणि गिऱ्हाइकाच्या आधी हेच हसायचे, खिडकीची तावदानं हलतील असे. मी दर वेळी म्हणायचे, "पुरे झालं आता."

मग वरचा समोरचा दात गेला. दातांनी दोरा तोडायची सवय, दुसरं काय! किती सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. दात गेला तसा हसताना ह्यांचा हात तोंडावर जायला लागला. मग हसणं गेलं, मागोमाग विनोदही गेला. दोन वर्षं दुकानात नुसती मशीनची खडखड. ज्या वाक्याला मी विटले होते, त्याच वाक्यासाठी माझा जीव तुटायला लागला. शेवटी मीच हट्टाने ह्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

जन्मभर सुई हातात, पण सुई आपल्याकडे आली की ह्यांचा चेहरा पांढराफटक. "एकदाच बसेन. पुन्हा नाही," हे मला खुर्चीत बसायच्या आधीच बजावून झालं. बाईंनी हाडात स्क्रू बसवला, हिरडी शिवली आणि म्हणाल्या, "हाडाने स्क्रू धरायला चार महिने लागतील. धरला की वर दात बसवू. नाही धरला तर काढावा लागेल."

म्हणजे सगळं त्या चार महिन्यांवर. मी कंबर कसली. पहिल्या दिवशी गालावर बर्फाची पिशवी, थोडा वेळ ठेवायची, थोडा वेळ काढायची. चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात धरायचं आणि अलगद सोडून द्यायचं. गोळ्या घड्याळ लावून. उशाला दोन उशा. कुस्करलेलं केळं, कुस्करलेला बटाटा, गार केलेलं सूप. तिसऱ्या दिवशी गाल चांगलाच फुगला, पण तो फुगणार हे बाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. फक्त दिवसातून दहा वेळा बघितलं.

धास्ती होती ती दोऱ्याची. हे मशीनवर बसले की दोरा आपोआप दाताखाली जाणार. म्हणून मी छोटी कात्री नाडीला बांधून ह्यांच्या गळ्यात अडकवली. "आता दोरा तोंडाजवळ नेलात तर बघा!"

पाचव्या दिवशी सूज उतरली. मी काज करत होते. गिऱ्हाईक कपडे घालून बघतं त्या आरशासमोर हे उभे होते, ओठ वर करून. कच् असा बारीक आवाज झाला.

"अहो, काय केलंत?"

"काही नाही. दोरा लोंबत होता, तेवढा कापला."

माझ्या हातातली सुई खाली पडली. टाक्याची टोकं ह्यांनी गाठीला लागून सफाईने उडवली होती, आणि मी गळ्यात बांधलेल्या कात्रीने! दुपारपर्यंत गाठ सुटली आणि हिरडीची कड उचलली गेली. रिक्षात मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर रडलेच असते.

डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. "टाका का कापलात मास्तर?"

"टाका नाही हो, नुसती शेपटी. लोंबता दोरा ठेवून मी गिऱ्हाइकाला कपडा देत नाही."

"माझा दोरा ओल्यात असतो. टोक लांब ठेवलं नाही तर गाठ सरकते."

हे खाली मान घालून म्हणाले, "काम नीटनेटकं दिसावं म्हटलं. ही परवा बहिणीला फोनवर सांगत होती, आमच्या दुकानातला आवाजच गेला म्हणून. रोज बघतो मी आरशात, कुठवर आलंय ते."

माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. बाईंनी स्क्रू तपासला. हलला नव्हता. नवे टाके घालायचे म्हणताच, पुन्हा नाही म्हणणारा माणूस मुकाट्याने खुर्चीत आडवा झाला. फक्त माझं बोट घट्ट धरून ठेवलं.

पुढचे चार महिने शहाण्या मुलासारखे वागले. स्क्रू हाडाने धरला. दात बसला, शेजारच्या दातांत ओळखू न येणारा.

घरी आलो. मी म्हटलं, "हसा बघू." हे हसले, आणि हात तोंडावर! दोन वर्षांची सवय, ती काय स्क्रूने सुटणार? पहिल्या गिऱ्हाइकाचं मापही मुकाट्यानेच घेतलं. माझं डोकंच फिरलं. ह्यासाठी का बटाटे कुस्करले मी?

गिऱ्हाईक गेल्यावर मी खुंटीवरचा टेप काढला. "उभे राहा. मऊ खाऊन खाऊन शर्ट ढगळ झालेत तुमचे. माप घेते. हात बाजूला, सरळ."

मापाला उभं राहिलं की हात खाली आणायचा नाही, हा ह्यांचाच नियम. हात पसरून उभे राहिले. छाती झाली. कंबरेला टेप गुंडाळला तसं ह्यांनी हळूच पोट आत ओढलं. माझ्यासमोर, बत्तीस वर्षांनी!

मी म्हटलं, "श्वास सोडा साहेब, पोट लपवून कापड वाचत नाही."

क्षणभर हे माझ्याकडे बघतच राहिले. मग असे हसले, की तावदानं हलली. दोन्ही हात तसेच पसरलेले, तोंड उघडं, दात लखलखीत. मीही हसले आणि डोळेही पुसले. आकडा विसरले, माप पुन्हा घ्यावं लागलं. 'पुरे झालं' मात्र म्हटलं नाही.