मुलगा पाहायला

"ऊठ, साडी बदल. मुलगा पाहायला जायचंय."

उत्तराने हातातलं मासिक खाली ठेवलं. "आई, मुलगा येऊन गेला. पोहे खाऊन गेला. आता कसला मुलगा?"

"तोच. येऊन गेला तो तुला बघायला. आपण कुठे बघितलाय त्याला?"

"अगं, समोर तर बसला होता तासभर!"

"तासभर कुणीही चांगला बसतो," वनमाला म्हणाली आणि तिने आरशासमोर उभं राहून अंबाड्यात आकडे खोचले.

पंच्याऐंशी सालचा भाद्रपद. गौरी गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी चंद्रप्रकाश भटवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत उत्तराला पाहून गेला होता. उंच, सावळा, बँकेत नोकरीला. बँकेने त्याला फुटबॉलसाठीच घेतला होता. सकाळी सही करायची, दुपारी सरावाला जायचं. पोहे खाता खाता तो म्हणाला होता, "शनिवारी मुलुंडला मॅच आहे, लीगची." एवढंच. तुम्हीही या बघायला, असं काही त्याने म्हटलं नव्हतं. मुलीकडच्या बायकांना कोण म्हणणार? पण वनमालाच्या डोक्यात ते कुठेतरी राहिलं होतं, आणि आज दुपारी जेवणानंतर भांडी विसळता विसळता तिचं ठरलं. पुढच्या आठवड्यात पक्ष लागणार, त्याआधी हो की नाही ते कळवायचं होतं. मध्यस्थ भाऊकाका उद्या उत्तर न्यायला येणार होते. मुलाकडून होकार आला होता. आता वनमालाने मान हलवायची, की झालं.

आणि मान न हलवण्यासारखं काही नव्हतं. आधीच्या दोघांनी उत्तराला रंगावरून नाही म्हटलं होतं. एकाने तसं तोंडावर, एकाने पत्रिकेच्या आडून. या मुलाने सरळ हो म्हटलं. वडिलांविना मुलगी, त्यांची मिल गेली आणि मागोमाग तेही गेले, वनमालाची प्रसूतिगृहातली नोकरी आणखी दोन वर्षं. असा होकार दारात उभा राहिला की त्याला आत घ्यायचं असतं. शिवाय उत्तराला तो आवडला होता. बोलली नव्हती, पण टाइपिंगच्या नोकरीवरून येताना गुणगुणायला लागली होती.

खाली चाळीच्या नळावर वनमालाची गाववाली सुलक्षणा उभी होती. "खंय चललंस गो, नटान-थटान?"

"फुटबॉल बघूक."

"फुटबॉल? तुका समाजता?"

"चेंडू गोल आसा, तेवढा समाजता," वनमाला म्हणाली आणि दोघींच्या छत्र्या काखेत मारून, मुलीचा हात धरून बस स्टॉपकडे चालायला लागली. उत्तरा पदर तोंडावर धरून हसत होती.

मुलुंडचं ते मैदान एका कंपनीचं होतं. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, बाकी तिन्ही बाजूंना दोरी. पायऱ्यांवर पहिली पाळी सुटून आलेले कामगार डबे मांडीवर घेऊन बसले होते. बायका म्हणाल तर या दोघी. त्या आल्या तशी कुजबुज झाली, मग एक धिप्पाड, मिशाळ गृहस्थ सरकला आणि त्याने रुमालाने पायरी झटकली.

"बसा मावशी. मी धोंडिराम, पेंट शॉप. तुमचं कोणी खेळतंय काय?"

"बघायचं."

"म्हणजे? आमच्या कंपनीकडून की बँकेकडून?"

"ते ठरवायलाच आलोय," वनमाला म्हणाली. उत्तराने तिला कोपराने ढोसलं.

पांढऱ्या जर्सीतला पाच नंबर म्हणजे चंद्रप्रकाश. घरात खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसलेला मुलगा इथे निराळाच दिसत होता. हात वर करून तो इतरांना जागा दाखवत होता, ओरडत होता, चेंडू आला की छातीवर झेलून असा पायाशी ठेवत होता, जणू कुत्र्याचं पिल्लूच आहे. वनमालाला खेळातलं काही कळत नव्हतं, पण कामाचा माणूस ओळखता येत होता. कुठे पळायचं ते त्याला आधीच ठाऊक असायचं.

"भारी आहे हा पाच नंबर," धोंडिराम कुरकुरला. "आमची वाट लावणार आज."

अर्ध्या तासाने कोपऱ्यावरून चेंडू आला आणि चंद्रप्रकाशने सगळ्यांच्या वर उडी मारून तो डोक्याने जाळीत घातला. पायऱ्यांवर सन्नाटा. त्या सन्नाट्यात एकच आवाज आला, "झकास!" उत्तरा उभी होती. सगळे वळून बघायला लागले तशी ती मटकन बसली. धोंडिराम खदाखदा हसला. "ठरलं वाटतं, मावशी!"

ठरलंच होतं. वनमालाने मनातल्या मनात मुहूर्त मार्गशीर्षात धरला होता, पिवळी साडी कुठून घ्यायची तेही. तिला स्वतःला मुलगा दाखवला होता तो दाराच्या फटीतून, पाटावर बसलेला, पाठमोरा. टोपी दिसली होती आणि एक कान. त्या कानाशी तिने पंचवीस वर्षं संसार केला. आपली मुलगी उजेडात, उघड्या मैदानात बसून नवरा बघतेय, याचं तिला फार सुख वाटलं.

मध्यंतरानंतर कंपनीचा एक काटकुळा पोरगेला खेळाडू कडेने सारखा पळत येऊ लागला. "जयवंत! चल जयवंत!" पायऱ्या ओरडायच्या. दोनदा तो चंद्रप्रकाशला चकवून गेला. तिसऱ्यांदा चंद्रप्रकाश आडवा गेला, दोन्ही पाय पुढे करून.

आवाज पायऱ्यांपर्यंत आला. सुकं लाकूड मोडावं तसा.

शिट्टी वाजली. जयवंत चिखलात पडून ओरडत होता. चंद्रप्रकाशने दोन्ही हात वर केले, रेफरीला म्हणाला, "बॉलला मारला, सर, बॉलला!" रेफरीने पिवळं कार्ड दाखवलं. चंद्रप्रकाशने मान हलवली, मग त्या ओरडण्याकडे पाठ केली आणि वाकून आपले मोजे नीट वर ओढले. एक, मग दुसरा.

ते पाठ करणं वनमालाच्या ओळखीचं होतं. तिचं पहिलं मूल गेलं त्या सकाळी तिचा नवरा वॉर्डाच्या दाराशी येऊन उभा राहिला होता, आणि मग पाळीची वेळ झाली म्हणून मिलमध्ये निघून गेला होता. वाईट माणूस नव्हता. पगार आणून हातात द्यायचा.

पण हे आठवायला वेळ नव्हता. चारजण जयवंतला खांद्यापायाला धरून उचलायला निघाले होते. वनमाला दोरीखालून मैदानात शिरली.

"ठेवा त्याला खाली! कुणी हात लावायचा नाही. मी सिस्टर आहे."

तिचा आवाज कळा देणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या सासवांना वर्षानुवर्षं ऐकवलेला होता. चौघांनी हात काढले. नडगी वाकडी झाली होती, कातडी फुटली नव्हती. "उत्तरा, छत्र्या आण! दोन्ही!" उत्तरा धावत आली. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस आणि लाल औषध, बस्स. बँडेजचं नाव नाही.

"मोजे काढा," वनमालाने भोवतालच्या खेळाडूंना सांगितलं. "ते लांब आहेत, बांधायला चालतील. काढा, काढा, बघताय काय!"

कंपनीचा गोलकीपर खाली बसून बूट सोडू लागला. बँकेच्याही एकाने सोडले. चंद्रप्रकाश सर्वांत जवळ उभा होता. त्याने आता तिला ओळखलं, मग छत्र्या धरून वाकलेल्या उत्तराला. तो गोंधळला, पण लगेच आदबीने वाकला.

"मावशी, तुम्ही इथे? मी दिले असते हो. पण मॅच आत्ता सुरू होईल ना. मोजे नसले तर रेफरी खेळू देत नाही."

खोटं नव्हतं. तसा नियमच होता. वनमालाने वर पाहिलंही नाही. "बरं," म्हणाली, आणि गोलकीपरचे चिखलाने भरलेले मोजे घेऊन छत्र्यांच्या दांड्या पायाला बांधू लागली. उत्तराने जयवंतचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती चंद्रप्रकाशच्या पायांकडे बघत होती. मग तिनेही नजर काढून घेतली.

कंपनीची गाडी जयवंतला घेऊन गेली. बँक एका गोलने जिंकली. दोघी फाटकाकडे निघाल्या तेव्हा चंद्रप्रकाश ओले केस विंचरून मागून पळत आला. "मावशी, चहा घेऊन जा ना. मित्रांशी ओळख करून देतो." हसला की गालाला खळी पडायची. खरंच गोड हसायचा.

"आज नको," उत्तरा म्हणाली. "उशीर होतोय."

बस स्टॉपवर वनमालाने बस येतेय का ते पाहिलं. मग म्हणाली, "खेळात होतं असं. एवढं काय धरून बसायचं? नोकरी पक्की आहे. तुला हो म्हणालाय." आपण हे कुणाला समजावतोय, ते तिचं तिलाच कळेना.

"आई, मला आवडलाय तो."

"मग झालं तर."

"अजून आवडतोय. गोल मारला ना, तेव्हा तर..." उत्तराने साडीला लागलेला चिखल नखाने खरवडला. "नाही म्हणून सांग."

"पुन्हा असं स्थळ येईल न येईल, उत्तरा."

"न येऊ दे."

बस आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊकाका आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. वनमालाने चहा टाकला. नेहमीप्रमाणे ट्रे मुलीच्या हातात द्यायला ती वळली, तर उत्तरा आधीच बाहेर गेली होती. भाऊकाकांच्या समोरची, पाहुण्यांची खुर्ची ओढून ती बसली होती.

"काका, मला मुलगा पसंत नाही."

भाऊकाका वनमालाकडे बघायला लागले. ती ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. "मी काय सांगू त्यांना, वनमाला? पत्रिका जुळत नाही म्हणू?"

"पत्रिका जुळते," उत्तरा म्हणाली. "मुलीला पसंत नाही, असं सांगा."

"असा निरोप मी आजवर नेला नाही गं बाई."

"मग हा पहिला न्या," वनमाला म्हणाली आणि तिने ट्रे टेबलावर ठेवला.

भाऊकाकांनी पुडा हळूच पिशवीत परत सरकवला. मग उत्तराने कप उचलला. ती ताठ बसून, घाई न करता, सगळा चहा प्यायली.