राधाबाईंच्या ओव्यांखालची चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. मला लाकूड नाही, खिळा नाही, भिंतही नाही. ब्लॉगवरचा एखादा लेख वाचत तुम्ही खाली खाली येता, लेख संपतो आणि तिथं एक पांढरी रिकामी जागा दिसते, ‘आपली प्रतिक्रिया लिहा’ म्हणणारी. ती मी. पान उघडं असलं की समोर बसलेल्यांचं बोलणं माझ्या कानी पडतं. पान मिटलं की अंधार. माझी दुनिया एवढीच.

माझा जन्म झाशीचा. माझी मालकीण सिंधूताई रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला आहे. तिचे वडील भुसावळहून बदलीवर इथं आले आणि इथलेच झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची भाची ऋता आली होती. तिनं दुपारभर खटपट करून ब्लॉग उभा केला आणि प्रत्येक लेखाखाली मला बसवलं.

“मावशी, मेल माझाच टाकलाय. कुणी काही लिहिलं की निरोप मला येईल, मी तुला कळवीन. नंतर बदलून घेऊ.”

“घेऊ गं. आधी चहा घे.”

ते बदलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

ब्लॉग होता राधाबाईंच्या ओव्यांचा. राधाबाई इलाइट चौराह्यामागच्या गल्लीत सून विद्या हिच्याजवळ राहायच्या. त्यांचं घराणं झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. त्यांच्या मराठीत बुंदेली अशी मिसळलेली, जशी दुधात साखर विरघळावी. वेगळी काढू म्हटलं तर निघायची नाही. पापड लाटताना, गहू निवडताना त्यांच्या ओठी ओवी यायची. सिंधूताई फोन समोर ठेवून ती लिहून घ्यायची.

बेतवेच्या काठी, बाई, कोण भरे गगरी
लेक दूरदेशीची, तिला झाशीच नगरी

दक्षिणेचा वारा, बाई, इथवर येईना
आईची गं हाक माझ्या कानी काही येईना

राधाबाईंची एक अट असे. ओवी म्हटली की ऐकणाऱ्यानं ‘हूं’ म्हणायचं. इकडे त्याला हुंकारा म्हणतात. हुंकारा आला नाही तर पुढची ओवी नाही. त्या तोंड मिटून गहू निवडत बसायच्या. ओव्या ब्लॉगवर यायला लागल्या तेव्हा सिंधूताईनं त्यांना सांगितलं, “मावशी, आता हुंकारा लांबून लांबून येईल,” आणि माझ्यात आलेल्या प्रतिक्रिया वाचून दाखवल्या. त्या दिवसापासून मी राधाबाईंचा हुंकारा झाले. प्रतिक्रिया ऐकल्याखेरीज नवी ओवी निघेना.

पुण्याच्या मेघनानं लिहिलं होतं, “आजी, ‘आईची हाक’ वाचून मी माझ्या आईला फोन केला.”

“ही मेघना कुणाची गं?” राधाबाईंनी विचारलं.

“ठाऊक नाही, मावशी.”

“अगं मग विचार ना! कुणी आपल्या दारात येऊन एवढं बोललं, तर ये बैस म्हणायचं की नाही? लिही, जीती रहो बेटा, आईला माझा नमस्कार सांग, आणि तू कुणाची ते कळव.”

सिंधूताई तसंच लिहायची. प्रत्येकाला, नाव घेऊन. कुणी नुसतं ‘छान’ लिहिलं तरी त्याला चार शब्द मिळायचे. एकदा एकानं ओवीखाली आपल्या दुकानातल्या गॅसच्या शेगड्यांची जाहिरात चिकटवली. राधाबाई ऐकून खो खो हसल्या. “त्याला म्हणावं भैया, शेगडी आहे हमारे पास. ओवी कशी वाटली ते बोल.” बकुळ नावाच्या मुलीला एका ओवीची दुसरी ओळ चुकल्यासारखी वाटली. तिनं चारचौघांत चूक काढली नाही. “आमच्याकडे ही ओळ वेगळी म्हणतात, लिहू का इथं?” असं आधी विचारलं. सिंधूताईनं होकार दिला, राधाबाईंनी ती ओळ तीनदा म्हणून घेतली आणि तीही ब्लॉगवर आली, बकुळच्या आजीच्या नावासकट. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. माझ्यात शब्द यायचे ते पाहुण्यांसारखे, चपला बाहेर काढून.

मग नानासाहेबांची प्रतिक्रिया आली.

नानासाहेब झाशीजवळच्या चिरगाँवला राहतात. झाशीच्या जुन्या मराठी घरांमध्ये त्यांच्याएवढं वडीलधारं आता कुणी नाही. लग्नाची पत्रिका पहिली त्यांना जाते. त्यांनी बेतवेची ओवी वाचली आणि खाली लिहिलं:

“ही ओवी माझ्या मातोश्रींची आहे. आमच्या घराबाहेर ती कुणाला ठाऊक नव्हती. न विचारता दुसऱ्याच्या नावावर छापणे शोभत नाही.”

खरं काय ते सिंधूताईला माहीत होतं. राधाबाई लहानपणी त्यांच्या शेजारीच राहायच्या, आणि नानासाहेबांच्या आईनंच पापड लाटता लाटता त्यांना ती ओवी शिकवली होती. दोन ओळी लिहिल्या असत्या तर गैरसमज तिथंच मिटला असता. तिनं लिहायला सुरुवातही केली. ‘आदरणीय नानासाहेब’ एवढे शब्द माझ्यात उमटले. मग ते पुसले गेले.

कारण राधाबाईंनीच तिला या घरांची रीत शिकवली होती. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यावर चारचौघांत उत्तर करायचं नाही. त्यांच्या घरी जावं, पाया पडावं, मग काय ते बोलावं. सिंधूताई तर रेल्वेवाल्यांची मुलगी, या घरांच्या दृष्टीनं बाहेरची. म्हणून ती रीत ती जास्तच जपायची. रविवारी चिरगाँवला जाऊ, असं तिनं ठरवलं आणि तोवर गप्प राहिली.

पण माझ्या दारात उभे असलेले सगळे काही त्या रीतीतले नव्हते. त्यांना दिसला तो एक आरोप आणि त्याखालची रिकामी जागा. ‘खरेबोल’ असं नाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलं, “उत्तर नाही म्हणजे कबुली.” दुसऱ्यानं लिहिलं, “गाणी चोरून नाव कमवायचा धंदा.” तिसऱ्यानं तर ओवी वाचलीही नव्हती. त्यानं वरच्या दोन प्रतिक्रिया वाचल्या आणि लिहिलं, “आणि भाषा बघा. गगरी म्हणे! ही मराठी की खिचडी? म्हातारीला गप्प बसवा.” एक आला की त्याच्या मागून दुसरा, दुसऱ्याला ढकलत तिसरा. मला मिटता येत नाही, मित्रांनो. जो जे लिहील ते मला छातीवर घ्यावंच लागतं. मेघनानं मध्येच विचारलं, “कुणी राधाआजींना विचारलंय का?” तिचा प्रश्न त्या गर्दीत कुठं खाली गेला, कुणी पाहिलाही नाही.

सिंधूताई रविवारी बसनं चिरगाँवला गेली. नानासाहेबांच्या ओसरीवर तिनं फोन उघडला आणि मी त्यांना पहिल्यांदा समोरून ऐकलं.

“ये, ये पोरी. इतक्या उन्हात?”

“नानासाहेब, ती बेतवेची ओवी... तुमच्या आईंनीच राधामावशींना शिकवली होती. तुम्ही बरुआसागरला मामांकडे शिकायला होता तेव्हा.”

मग त्यांच्या आवाजात एकदम लहान मूल आल्यासारखं झालं. “खरंच की गं. राधा यायची आमच्याकडे. दोन वेण्या, आणि सदा नाक वाहायचं. आई तिला लाटणं द्यायची, आम्हाला नाही.” ते हसले. “मी विसरलोच होतो.”

“मग तेवढं तिथं लिहाल का? लोक काय काय बोलतायत बघा.”

सिंधूताई वाचायला लागली. दोन वाचून झाल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

“यांना मी बोलावलं नव्हतं.”

“नाही. पण तुमच्या मागून आले.”

“तूच लिही की. सांग त्यांना.”

“तुमच्या बोलण्यावर मी कशी लिहू?”

“आणि मी माझंच लिहिलेलं कसं मागं घेऊ? या वयात? सगळी घरं वाचतात ते.” मग मऊ होऊन म्हणाले, “बघतो. पाणी पी आधी. कमलिनी, पाणी आण गं.”

तर असं झालं, मित्रांनो. धाकट्यांनी उत्तर करायचं नाही आणि थोरल्यांनी शब्द मागं घ्यायचा नाही. दोघंही आपापल्या रीतीला धरून वागले, दोघंही मनानं चांगले, आणि मध्ये मी, खोट्या शब्दांनी भरलेली.

राधाबाईंना यातलं काही सांगायचं नाही असं सिंधूताईनं ठरवलं होतं. “काय म्हणतात गं लोक?” त्या विचारायच्या. “अजून काही आलं नाही, मावशी.” “काहीच नाही? मेघनाचंसुद्धा नाही?” “नाही.” मग राधाबाई गहू निवडत बसायच्या. हुंकारा नाही, तर ओवी नाही.

एका सकाळी त्यांनी सुनेला सांगितलं, “विद्या, सिंधू दमलेली असते. तूच उघड बरं. कुणी काही लिहिलंय का बघ.” विद्यानं पान उघडलं. तिला कुणी सावध केलं नव्हतं. नेहमीच्या सुरात तिनं वाचायला घेतलं आणि थांबायचं कुठं हे तिला कळायच्या आत ‘चोरून’ हा शब्द तोंडातून निघून गेला होता.

“पुढं?” राधाबाई म्हणाल्या.

“राहू द्या, आई. नेटवर्क गेलं.”

“नेटवर्क तुझ्या तोंडावर दिसतंय. वाच.”

विद्यानं वाचलं. सगळं वाचलं, खिचडी आणि म्हातारीसकट. नानासाहेबांचं नाव आलं तेव्हा राधाबाईंनी इतकंच विचारलं, “नाना म्हणाला? नाना असं म्हणाला?” मग गव्हाचं ताट त्यांनी बाजूला सारलं. त्याचा आवाज मला आला. त्यानंतर त्यांचा आवाज मी कधी ऐकला नाही.

सिंधूताईनं मला कुलूप लावलं. तसं म्हणजे कुलूप नाही. कुणी काही लिहिलं तर ते आधी माझ्या पोटात थांबेल, आणि तिनं पाहून मंजूर केल्यावरच सगळ्यांना दिसेल, अशी सोय तिनं केली. वाईट शब्दही तिनं एकेक करून पुसले. पुसताना ती प्रत्येक शब्द पुन्हा वाचत होती, हे मला कळत होतं. काही दिवस ती रोज येऊन पोटातलं तपासायची. तिथंही तेच असायचं, शिव्या आणि शेगड्या. मग ती आठवड्यानं आली. मग आलीच नाही. नवी ओवी नव्हतीच, तर यायचं कशाला? आणि नवं काही आल्याचे निरोप जात होते ऋताच्या त्या जुन्या मेलवर, जो वापरणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

आणि मित्रांनो, मी अशी बंद असताना नानासाहेब आले.

दुपारची वेळ होती. लेक कमलिनी टाइप करत होती आणि ते सांगत होते. मध्येच थांबत होते, ‘ते काढ’, ‘हे घाल’ म्हणत होते. शेवटी उरलं ते इतकं:

“बेतवेची ओवी माझ्या आईनेच राधाला शिकवली. मी विसरलो होतो आणि न विचारता लिहिले. चूक माझी आहे, राधाची नाही, सिंधूचीही नाही. राधा, पुढची म्हण. हूं.”

“बाबा, पाठवू?”

“पाठव. आता गाईल ती.”

कमलिनीनं पाठवलं. आणि मी, माझ्याकडे दुसरा शब्दच नाही म्हणून, दाखवलं: ‘आपली प्रतिक्रिया मंजुरीसाठी थांबली आहे.’

“म्हणजे काय?”

“म्हणजे सिंधूताई बघतील, मग लागेल.”

ते दुसऱ्या दिवशी आले पाहायला. तिसऱ्या दिवशीही आले. पान उघडायचं, खाली यायचं, थांबायचं. आठवडाभरानं मी त्यांना कमलिनीशी बोलताना ऐकलं. “लावलं नाही तिनं. रागावली आहे पोर. बरोबरच आहे तिचं.”

“फोन करू का त्यांना?”

“नको. ज्यानं दार लावलं त्याचं दार वाजवू नये.”

त्यानंतर ते आले नाहीत. सिंधूताईला वाटत राहिलं, नानासाहेबांनी काही लिहिलं नाही. नानासाहेबांना वाटत राहिलं, सिंधूनं आपलं लिहिलेलं नाकारलं. आणि राधाबाईंना काय वाटत होतं ते मला कळायला वाटच नव्हती.

कळलं ते थंडीत. विद्यानं पान उघडलं आणि लिहिलं, “आमच्या सासूबाई राधाबाई काल गेल्या. ज्यांनी त्यांच्या ओव्या वाचल्या त्यांना कळावं म्हणून लिहिते. शेवटी शेवटी त्या काही म्हणत नव्हत्या. आम्ही पुष्कळ वेळा म्हण म्हटलं.” तिनं पाठवलं, आणि मी तिलाही तेच वाक्य दाखवलं.

आता माझ्या पोटात ती दोन्ही आहेत, एकाखाली एक. नानासाहेबांचं वर, विद्याचं खाली. बाहेर कुणाला काही दिसत नाही. बकुळ अजून कधीतरी येते. “आजी, पुढची ओवी कधी?” असं विचारते, आणि तिचा प्रश्न विद्याच्या दोन ओळींच्या शेजारी जाऊन बसतो. उत्तर तिच्यापासून वीतभर अंतरावर असतं. मला ते तिच्या हाती देता येत नाही.

मित्रांनो, माझं आता काही बरं होणार नाही. राधाबाईंच्या न म्हटलेल्या ओव्या कुठून आणणार? पण तुमच्या पुढ्यात माझ्यासारख्या पुष्कळ चौकटी येतील. लिहिण्याआधी वरचं सगळं वाचा. खाली भांडण चाललंय एवढ्यावरून लिहायला बसू नका. कुणाची चूक वाटली तर आधी त्यालाच विचारा, आणि विचाराल ते असं, की त्याला उत्तर देता यावं. तुमच्यावर कुणी खोटं लिहिलं, मग तो कितीही मोठा असो, दोन ओळी नम्रपणे तिथंच लिहा, आणि मग त्याच्या घरी जा. तुमचा शब्द चुकला तर जिथं चुकला तिथंच दुरुस्त करा, आणि तेही आजच करा. आणि ज्यांनी आपल्या पानावर चौकट ठेवली आहे, त्यांनी ती उघडून बघत जा. आत कोण किती दिवस थांबलंय ते चौकटीला सांगता येत नाही.

आत्ताच कुणीतरी पान उघडलं. शेगडीवालाच आहे, त्याच दुकानाची नवी जाहिरात घेऊन आलाय. तीही मी पोटात ठेवून घेतली.