मावशींचं बोट

साहेब पाच वाजता रिटायर होणार होते आणि प्रिंटरला नेमका आजचाच मुहूर्त सापडला.

ऑफिसातलं नेटवर्क मी बघतो, म्हणजे कुणाचंही काहीही बंद पडलं की शिव्या मला. छापायचं होतं एकच पान. झाडलोट करणाऱ्या मावशींना नोकरीत कायम केल्याची ऑर्डर. अकरा वर्षं कंत्राटावर राबल्या होत्या बाई. सही आजच्या साहेबांचीच हवी होती, कारण उद्या येणाऱ्या साहेबांनी कंत्राटी माणसं कमी करणार असं आधीच कळवून टाकलं होतं. हाताने लिहिलेली ऑर्डर चालत नाही, फाइल बाहेर नेऊन छापायला मनाई, आणि प्रिंटरला थेट वायर जोडायची जागा कधीच मोडलेली.

अडीचला फाइल मंजूर होऊन आली आणि कॉम्प्युटरवर प्रिंटर दिसेना. केबल बदलली, दिसला. प्रिंट सोडली, पुन्हा गायब. नेटवर्कच्या स्विचवरची जागा बदलली, ड्रायव्हर काढून परत टाकला. मेला दोन मिनिटं शहाण्यासारखा वागायचा, की परत ऑफलाइन. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

त्यात मावशी. दाराजवळ मी कालच हजेरीचं नवं मशीन बसवलं होतं. कायम होणार म्हणून त्या सकाळी हौसेने बोट नोंदवायला गेल्या, तर मशीन बोट ओळखेना. फिनाइलच्या पाण्यात रेषाच झिजल्या होत्या. मी वैतागून म्हणालो होतो, हात कोरडे करा आणि लावत राहा, घेईल कधीतरी. हातातलं काम झालं की त्या येऊन बोट लावून जायच्या.

साहेबांनी तीनदा विचारून पाहिलं. पाचला ते गेले. त्यानंतर त्यांच्या सहीला काडीची किंमत नव्हती.

सव्वापाचला मावशी पुन्हा मशीनपाशी आल्या. बोट लावलं, मशीनचा दिवा लागला आणि माझ्यासमोर स्क्रीनवरून प्रिंटर गेला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. काल घाईत मी मशीनला प्रिंटरचाच नेटवर्क नंबर देऊन बसलो होतो. मशीन जागं झालं की बराच वेळ प्रिंटर बाहेर. पंधरा वर्षं हेच काम करतोय मी, गाढव.

मशीनची वायर उपटली. प्रिंटर घरघरला आणि दुपारपासून सोडलेल्या सातही प्रती बाहेर आल्या.

मावशींना वाचता येत नव्हतं. हात पुसून त्यांनी वरचं पान उचललं.

"आली की हो, दादा. मी उगाच घाबरत होते."

"मावशी, यावर साहेबांची सही लागते. साहेब गेले."

मला रडू येत होतं, आणि चूक माझी हे सांगायचं धाडस होत नव्हतं.

"मग मशीनवर बोट लावत राहू ना?" त्यांनी विचारलं.

वायर अजून माझ्या हातातच होती.