घरचं पाणी

हसू नका, मित्रांनो. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये खुंटीला लटकलेलं हे कळकट फडकं म्हणजे मी, एक जुनी छागल. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. तुमच्या त्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या नि आमची जात मागे पडली. पण रावेरच्या ऐन वैशाखात माझ्या पोटातलं पाणी कसं गार असायचं, ते एखाद्या जुन्या माणसाला विचारा.

रावेरच्या बाजारात ताडपत्र्या शिवणाऱ्या एकाने मला शिवलं. केळीचा मळा असलेल्या जीवरामनानांनी विकत घेतलं आणि आधी हौदात बुडवून ठेवलं, कारण कोरडी छागल गळते आणि भिजून फुगली की तिचे टाके आवळतात. मग मी ट्रॅक्टरच्या कडीला लटकले. केळीचे घड वाहून दमलेली माणसं माझ्याभोवती गोळा व्हायची. नानांचा एक नियम होता. माणूस झुलत चाललेला दिसला की त्याला काही विचारायचं नाही, आधी पाणी पाजायचं. आमच्याकडे ऊन लागून माणूस हां हां म्हणता जातो. त्या नियमाने वाचलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यात खोटं काही नाही.

पुढे मळ्यात गार पाण्याचे जार येऊ लागले. मग मला कोण विचारतो? खताच्या रिकाम्या गोण्यांखाली पडून होते. मला बाहेर काढलं ते मोहिनीच्या पळण्याने.

मोहिनी ही नाना आणि इंदिराबाईंची एकुलती मुलगी, सावद्याच्या शाळेत शिक्षिका. तिला पळण्याचं वेड, आणि तेही साधंसुधं नाही. ऐंशी-ऐंशी किलोमीटरच्या शर्यती! गाव म्हणायचं, हिच्यामागे कोण लागलंय? नानाही आधी कुरकुरले. पण अंग कणखर व्हावं म्हणून ती भर मे महिन्यात दुपारी पळायला लागली, तेव्हा नानांचा जीव थाऱ्यावर राहीना. ते मला मोटारसायकलला टांगून तिच्यामागे निघाले. पोरीशी गोड बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. पुढे जाऊन गाडी लावायची, पेला भरून धरायचा, बस. ती प्यायची आणि दोघं दोन दिशांना बघायचे. भुसावळपर्यंतची वाट आम्ही अशी कितीदा केली. खरं सांगते, मी त्या दिवसांत फार सुखात होते.

जळगावच्या एका शर्यतीत तिने तिथलं लाल, गोड सरबत घेतलं आणि भडभडा ओकली. तेव्हापासून नानांनी ठरवून टाकलं, बाहेरचं काही नको, आपल्या विहिरीचंच पाणी बरं.

मग धुळ्याची ऐंशी किलोमीटरची शर्यत आली, ऐन पौषात. धुळ्याची थंडी काय विचारता! नाना मफलर गुंडाळून उभे होते आणि मोहिनीला घामही फारसा येत नव्हता. पण नानांचा हात मे महिन्यात शिकलेला. ते प्रत्येक फाट्यावर पेला धरायचे. शर्यतीच्या टेबलांवरची मुलं मिठाच्या गोळ्या आणि मीठ लावलेले बटाटे देत होती. नाना त्यांना हाताने परत फिरवत म्हणायचे, आमचं घरचं पाणी आहे. मोहिनी तरी नको कसं म्हणणार? कधी तोंड भरून न बोललेला बाप थंडीत पेला घेऊन उभा होता.

लळिंगचा घाट उतरताना तिची बोटं सुजली. घड्याळाचा पट्टा रुतायला लागला, तो तिने सैल केला. डोकं दुखतंय म्हणाली, मळमळतंय म्हणाली. मग ती झुलायला लागली. नानांनी झुलणं पाहिलं आणि गाडी तिथेच लावून ते धावले. पौषात कुठलं ऊन लागतंय? पण घाबरलेल्या माणसाला महिना सुचत नाही. त्यांनी एक पेला दिला, लगेच दुसरा भरला.

"नाना, आता नको ना."

"पे माय, पे. बरं वाटीन."

बापाचं मन मोडायचं नाही म्हणून ती प्यायली. थोडं पुढे गेली आणि रस्त्यावर कोसळली. हातपाय वाकडे झाले, डोळे फिरले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वाटेत हिला काय काय दिलं? नानांनी हात जोडले.

"मांगलं न मांगलं, पानी देत गेलो. कमी नही पडू दिलं, बाई."

 बाईंनी सावकाश समजावलं. पाणी फार झालं होतं आणि मीठ पोटात गेलंच नव्हतं, त्यामुळे रक्तातलं मीठ पातळ झालं आणि मेंदूला सूज आली. नानांनी खांद्यावरच्या माझ्याकडे पाहिलं. मला तिथेच फाटून जावंसं वाटलं.

मोहिनी गेली.

दारावर बसायला माणसं आली. आलेल्याला पाणी द्यायची रीत, पण नाना उठले नाहीत, पेले इंदिराबाईंनी फिरवले. तेव्हापासून नानांनी कुणाला पाणी दिलेलं नाही. केळी कापणारी माणसं आपलं आपण घेतात. एकदा इंदिराबाई त्यांच्याजवळ बसून म्हणाल्या, "ती तुमच्या हातच्या पान्यासाठीच धावत होती." नाना उठून केळीत निघून गेले.

माझे टाके उसवलेत. मला आता कुणी भिजवत नाही, आणि भिजवावं असं माझंही म्हणणं नाही.

मित्रांनो, लांब पळायचं असेल तर खुशाल पळा. तहान लागेल तेवढंच प्या आणि मीठ विसरू नका. कुणी झुलताना दिसलं तर पाजण्याआधी त्याने काय काय घेतलंय ते विचारा, आणि डॉक्टरला गाठा.

आणि एक मागणं आहे. रावेरकडे आलात तर नानांच्या मळ्यात जरा थांबा. ते ओट्यावर एकटेच बसलेले असतात. त्यांना शहाणपण सांगू नका, ते सगळं त्यांना कळून चुकलंय. एवढंच म्हणा, नाना, पाणी द्या. तहान नसली तरी म्हणा. ते उठणार नाहीत. तुम्ही पुन्हा मागा.