एकच हिरवा खडू

आत्याला झुरळाची भीती वाटायची, अंधाऱ्या जिन्याची वाटायची, शेजारच्यांच्या म्हाताऱ्या, दात पडलेल्या कुत्र्याचीसुद्धा वाटायची. अशा बाईकडे मुलांसाठी झॉम्बींचं रंगवायचं पुस्तक काढायचं काम यावं, हा निव्वळ चावटपणा होता. पण काम सांगणारे प्रकाशनाचे मालक होते, आणि मालकांना नाही म्हणायची सवय आत्याच्या जिभेला नव्हती. त्यात मालक म्हणाले होते, "हे पुस्तक जमलं ना, तर कव्हरवर तुमचं नाव टाकू."

नाव! वर्षानुवर्षं आत्या या छोट्याशा प्रकाशनात ससे, कासवं आणि आगगाड्या काढत आली होती. घराघरांतल्या पोरांनी तिचे ससे जांभळे करून टाकले, पण ते काढले कुणी, हे कुणाच्या गावीही नव्हतं. भावाची मुलगी भिंगरी शाळा सुटली की "आत्या, आत्या" करत ऑफिसात शिरायची. तेव्हापासून बाइंडर, शिपाई, खुद्द मालकसुद्धा तिला आत्याच म्हणू लागले होते. तिचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर छापून यायचं, आणि ते वाचून आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

आत्या कामाला लागली. अभ्यास म्हणून तिनं झॉम्बींचे सिनेमे पाहिले, पण तोंडापुढे उशी धरून. उशीखालून दिसलं तेवढंच दिसलं. त्यामुळे झॉम्बींच्या बुटांचं तिचं ज्ञान दांडगं झालं, चेहऱ्यांची मात्र सगळी बोंब. शेवटी एकदा सकाळी उठल्या उठल्या ती आरशासमोर जाऊन उभी राहिली.

"घरातच एवढा झकास नमुना असताना मी उगाच डोळे फोडत बसले," ती भावाला म्हणाली.

भाऊ "तसं नाही गं" म्हणायच्या आत हसला, म्हणजे त्यालाही ते पटलं असावं.

मग भराभर पानं झाली. झग्यातली झॉम्बी नवरी, सरकत्या जिन्यावर अडकलेला झॉम्बी, गोलकीपरचं डोकं चेंडू समजून पळवणारा झॉम्बी. सगळ्यांचे डोळे सुजलेले आणि केस आत्यासारखे. मालक खूश होते. त्यांना खटकलं ते फक्त शेवटचं पान, आणि नेमकं तेच आत्याच्या जिवाचं होतं.

त्या पानावर लोककथेतला झॉम्बी होता. कुठल्याशा दूरच्या बेटावरच्या जुन्या गोष्टींतला. तो कुणाला चावत नाही. कुणीतरी त्याला मेल्यावर उठवून आपल्या शेतात राबायला लावलेलं असतं, आणि बिचारा मान खाली घालून राबत असतो. आत्यानं काढलेल्या चित्रात त्याच्या हातातलं फावडं गळून पडलं होतं आणि तो चिमूटभर काहीतरी तोंडात टाकत होता.

"यात भीती कुठे आहे? हा तर चक्क खातोय," मालक म्हणाले. "बघू, भिंगरी काय करते. एक जरी पान तिनं सोडलं, तर पुस्तक जमलं नाही असं समजायचं. मग नावाचं विसरा."

या प्रकाशनाची पद्धतच होती. पुस्तक छापायला जायच्या आधी त्याची कच्ची प्रत आणि सोबत फुकट मिळणारी खडूंची पेटी एका मुलापुढे ठेवायची, आणि मोठ्यांनी तोंडं मिटून बसायचं. हे मूल म्हणजे नेहमी भिंगरीच, कारण ती बिस्किटांवर काम करायची.

शनिवारी भिंगरी मालकांच्या टेबलाशी बसली. पेटीत सहा खडू होते: लाल, पिवळा, निळा, नारिंगी, तपकिरी आणि हिरवा. आत्यानंच निवडलेले. भिंगरीनं हिरवा उचलला आणि नवरीला नखशिखांत हिरवं केलं. मग जिन्यावरच्याला हिरवं केलं. मग गोलकीपरसकट सगळ्या संघाला. पान उलटावं तसा खडू झिजत होता. थोड्याच वेळात तो नखाएवढा उरला, आणि मग बोटाला लागलेला डाग उरला.

"आत्या, हिरवा संपला."

पुस्तकभर झॉम्बी आणि पेटीत एक हिरवा! पेट्या तर केव्हाच गोदामात येऊन पडल्या होत्या. भिंगरीनं निळ्यावर पिवळा घासून पाहिला, त्याचा चिखल झाला. मालकांनी आत्याकडे असं काही पाहिलं की, मेंदू खाणारे झॉम्बी नसतात असं कोण म्हणेल? पण माझा मेंदू खाऊन यांचं पोट भरायचं नाही, आत्याच्या मनात आलं. ज्या बाईनं बुटांच्या नाड्यासुद्धा मोजून काढल्या, तिला झॉम्बी कुठल्या रंगाचे असतात हे आठवलं नव्हतं.

भिंगरीनं खडू ठेवून दिले आणि ती नुसतीच पानं उलटायला लागली. एक सुटलं, दुसरं सुटलं. आत्यानं मनातल्या मनात आपलं नाव पुन्हा विजेच्या बिलावर नेऊन ठेवलं.

शेवटच्या पानावर भिंगरी थांबली. "हा काय खातोय?"

बोलायची परवानगी नव्हती. पण आता जायचं होतं ते गेलंच होतं. "मीठ," आत्या म्हणाली. "त्याला रोज अळणी जेवण देतात. कारण मिठाची चव लागली की त्याला सगळं आठवतं. आपलं घर, आपली माणसं, आपलं नाव. मग तो फावडं टाकतो आणि चालू लागतो."

"मग हा हिरवा कशाला?" भिंगरी म्हणाली. "याला आठवलंय ना?"

तिनं तपकिरी खडू घेतला आणि त्या माणसाला माणसासारखं रंगवलं. सदरा नारिंगी, आभाळ निळं. मग ती सोडलेल्या पानांकडे मागे वळली. "यांना पण आठवायला लागलंय. हळूहळू." आणि तिनं एकेकाला हवे ते रंग दिले. बिस्किटं संपली तरी ती उठली नाही. एकही पान कोरं राहिलं नाही.

मालकांनी प्रत हातात घेऊन पुढून मागे चाळली. हिरवी मढी सुरुवातीला, माणसं शेवटी. "वा! एका हिरव्यात पुस्तक बसलं की. मला वाटतच होतं." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "आत्या, नावाचं मात्र पुढच्या पुस्तकाला बघू. खडूंचा घोळ तुमचाच ना? समजून घ्या."

"चालेल" हा शब्द आत्याच्या ओठांवर सवयीनं येऊन उभा राहिला. समोर शेवटचं पान उघडं होतं, आणि त्या माणसाचे सुजलेले डोळे तिचेच होते.

"नाही चालणार," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की कुणी ऐकला नसावा असं तिला वाटलं, म्हणून ती पुन्हा म्हणाली. "नाही चालणार, मालक."

मालकांचा चष्मा हातातच राहिला. आत्यानं टेबलावरचं कव्हर पुढे ओढलं आणि तपकिरी खडूच्या उरल्यासुरल्या तुकड्यानं त्यावर आपलं नाव लिहिलं. घाईघाईत एक काना राहिला, तोही मग दिला.

मालकांनी कव्हर लांब धरून पाहिलं. "एवढं मोठं?" एवढंच ते पुटपुटले, आणि कव्हर छापायच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

भिंगरीनं मान वाकडी करून अक्षरं जुळवत ते नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"आत्या, ही कोण गं?"

"मी," आत्या म्हणाली.