नऊ जुने संघ

इंग्लंडच्या खालच्या विभागांतील फुटबॉलपटू एक अलिखित शिष्टाचार पाळतात. ज्या संघाचे मीठ एकदा खाल्ले, त्याच्यावर गोल केला तर आनंद करायचा नाही. दोन्ही तळहात उंचावून, मान खाली घालून, क्षमा मागत परतायचे. एखाद-दुसरा संघ बदललेल्याला हे शोभते. व्हिन्स ऑल्डरशॉ मात्र सोळा वर्षांत नऊ संघ पालथे घालून दहाव्यात, हॅलबर्न टाऊनमध्ये, आला होता. साहजिकच यंदाच्या अकरा गोलांपैकी आठांची त्याला माफी मागावी लागली होती.

मोसमाच्या अखेरच्या सामन्याआधी प्रशिक्षक मॅलकम ड्यूहर्स्टने त्याला बाजूला घेतले.

"तुझा करार वाढवायचा की नाही, अध्यक्ष आज ठरवतायत. म्हणतात, हा गोल मारतो आणि मयताला आल्यासारखा उभा राहतो. लोकांना तू आपला वाटतच नाहीस."

"मग काय बॉस, जुन्या लोकांपुढं नाचू?"

"आज तरी नाच. समोर क्रॉसवेल आहे."

व्हिन्स मान खाजवू लागला.

"तिथंही होतास?"

"सहा महिने."

"अरे देवा! एक तरी घर सोडलंयस का?"

चौतिसाव्या वर्षी, सुजलेला गुडघा घेऊन अकरावे दार ठोठावण्याची व्हिन्सची इच्छा नव्हती आणि ते उघडेल याची खात्रीही नव्हती. सत्तराव्या मिनिटाला कोपऱ्यावरून आलेला चेंडू त्याच्या कपाळावर आदळून जाळ्यात गेला. नाचायचे त्याने ठरवले होते. पण सवयीचे गुलाम असलेले हात आपणहून वर गेले. समोरच क्रॉसवेलचे पाठीराखे बसले होते.

पहिल्या रांगेतला म्हातारा चहाचा पेला सावरत ओरडला, "माफी कसली मागतोस रे?"

"मी तुमच्याकडं होतो!"

"कधी?"

"सात वर्षांपूर्वी! सहा गोल मारलेत तुमच्यासाठी!"

म्हातारा शेजारणीकडे वळला. "ग्लॅडिस, हा आपल्याकडं होता म्हणतोय."

"तो लांब केसांचा?"

"छे गं, तो बरा खेळायचा."

सोळा वर्षे जपलेला संयम त्या क्षणी संपला. व्हिन्स मैदानाकडेच्या जाहिरात-फलकापाशी धावला, पाठ फिरवून सदऱ्यावरचे नाव बोटाने ठोकू लागला. "वाचा! नीट वाचा!" मग सहाही गोल त्याने तारखांसह बोटांवर मोजून दाखवले. शेवटी पंचाने पिवळे कार्ड दाखवून त्याला मागे ओढले.

पलीकडच्या सज्ज्यातल्या हॅलबर्नकरांना यातला एकही शब्द ऐकू आला नव्हता. आपला गडी प्रथमच शत्रूच्या छाताडावर चालून गेला, एवढेच त्यांना दिसले. ते उभे राहिले, आणि मोसमभर न घेतलेले त्याचे नाव सामना संपेपर्यंत घेत राहिले.

सामन्यानंतर ड्यूहर्स्ट हसत आला. "अध्यक्ष खुर्चीवर चढले होते! एक वर्ष पक्कं."

"मी नाचत नव्हतो हो, भांडत होतो! त्यांना मी आठवतच नाही!"

"हे बाहेर बोलू नकोस. आणि पुढच्या मोसमात त्यांच्या मैदानावर जायचंय. आता जन्मात विसरणार नाहीत."

व्हिन्सने बुटाची नाडी सोडता सोडता मान वर केली. "तिथं गोल झाला, तर माफी मागायची की नाही?"

"तू आधी गोल कर."