मशीन बंद केलंय

"रेडिओवाला बाळाजी तूच का?"

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर पन्नाशीचा एक माणूस उभा होता. सिमेंटने पांढरे पडलेले बूट, हातात टोपी. मागे दारात आणखी दोघे घुटमळत होते. तेहेतीस वर्षं मी या टेबलामागे बसून पोरांना 'शांतता राखा' म्हणत आलो आहे. कुणी ऐकत नाही. त्या दिवशी मात्र सगळी पोरं पुस्तकांतून माना वर काढून गप्प बसली होती.

मला आधी वाटलं, श्रोते आले भेटायला. खोटं कशाला सांगू, मी केसांवरून हातसुद्धा फिरवला.

"मी सावळीराम. फुलाबाईचा भाऊ," तो म्हणाला. "आडगावला बांधकामावर हाय. काल तुझ्या रेडिओवर माझ्या बहिणीचं गाणं लागलं. आमाला वाटलं तिचा दिनेश गेला. पंधरा माणसं काम टाकून रडत तिच्या दारात गेलो. दिनेश तिकडं लासलगावला कांद्याचे ट्रक भरतोय, धडधाकट. मग ते गाणं तू कशाला लावलं?"

उत्तर मला माहीत होतं, हीच तर अडचण होती.

आमच्या कॉलेजात सामुदायिक रेडिओचं केंद्र आहे. दहा-बारा किलोमीटर पोचतं. आठवडाभर त्यावर शेतीसल्ला, लसीकरण, परीक्षांचं मार्गदर्शन असलं उपयोगाचं चालतं. रविवारी दुपारी बारा ते एक हा तास कुणालाच नको होता, तो सहा वर्षांपूर्वी मी मागून घेतला. कार्यक्रमाचं नाव 'वाटेल ते'. यादी नाही, विषय नाही, फर्माईश नाही. वरातीतल्या बँडमागून अरबी बासरी, त्यामागून भांडी घासणाऱ्या मावशींची ओवी, असं मनाला येईल ते लावायचं आणि मधे मधे बोलायचं. केंद्राची प्रमुख यशश्री माझ्या मुलीच्या वयाची, ती म्हणायची, "काका, तुमच्या कार्यक्रमाला ना शेंडा ना बुडखा, पण लोक ऐकतात." लोक ऐकतात, या दोन शब्दांवर मी आठवडा काढायचो. घरी आणि ग्रंथालयात माझं कोण ऐकतं?

डिसेंबरात नाशिकजवळच्या मखमलाबादकडे एका द्राक्षबागेत डोंगराळ पेठ तालुक्यातल्या बाया कामाला आल्याचं कळलं. त्यांची लग्नाची गाणी ध्वनिमुद्रित करायची म्हणून मी रेकॉर्डर, पेढे आणि फुलाबाईसाठी एक साडी घेऊन गेलो, कारण गाणं तीच उचलते असं ऐकलं होतं. चौघींनी तीन गाणी म्हटली. छान झाली. मग बाकीच्या पाणी भरायला गेल्या आणि फुलाबाई चुलीपाशी चहा टाकत बसली.

"अजून काही आहे का?" मी विचारलं. माझी ही खोडच आहे. पोट भरलं तरी ताटावरून उठायचं नाही.

"हाय एक. पर ते तुझ्या मशीनसाठी नाय."

तिने चहा माझ्याकडे सरकवला आणि मग सांगितलं. तिचा थोरला मुलगा बुधा गेल्या वर्षी तापाने गेला होता. नेमकं मी गेलो त्याच दिवशी त्याचं वर्ष भरत होतं. त्यांच्या पाड्यावर माणूस गेलं की आई किंवा बहीण एका ठरलेल्या चालीत त्याला वाटेला लावते. ती चाल कानावर पडली की नात्यातल्या माणसाने हातातलं काम टाकायचं आणि मूठभर तांदूळ घेऊन त्या दारी जायचं. कोण गेलं ते तिथे पोचल्यावर विचारायचं. त्यानंतर फक्त वर्षाच्या दिवशी एकदा ते गाणं म्हणायचं, आणि मग ते कायमचं संपलं.

"घरी जाता नाय आलं. मुकादम सोडंना," ती म्हणाली. "या बाया दुसऱ्या पाड्याच्या, त्यांच्यापुढं कसं म्हणू? पर ऐकायला एक तरी माणूस लागतं. तू बसतो का?"

"बसतो की."

"मशीन बंद कर."

रेकॉर्डरवर एक लाल ठिपका असतो, सुरू असला की दिसतो. मी रेकॉर्डर उचलला, बटणावर अंगठा ठेवला, आणि अंगठा दाबला नाही. रेकॉर्डर गोधडीवर पालथा ठेवला.

"मशीन बंद केलंय," मी म्हणालो.

ती सात मिनिटं गायली. आवाज चढवला नाही, डोळेही पुसले नाहीत. समोर बसलेल्या पोराला परगावचा रस्ता समजावून सांगावा तसं, कुठे ओढा आहे, कुठे सावली आहे, कुणाच्या घरी पाणी मागायचं, असं एकेक सांगत गेली. माझे डोळे भरून आले होते, ते खरं होतं. आणि मशीन चालू होतं, तेही खरं होतं. दोन्ही एकाच माणसाने केलं, याची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

घरी येऊन मी ते अकरा वेळा ऐकलं. आधी म्हटलं, फक्त स्वतःपुरतं ठेवू. मग म्हटलं, अशी चीज कपाटात ठेवणं हा गुन्हा आहे. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील नाही. फुलाबाईला निरोप धाडला होता की रविवारी गाणी लागतील, सगळ्यांना सांगा. तिने हौसेने नाशिकभरच्या नातेवाइकांना कळवलं. तीन लग्नाची गाणी झाली आणि चौथं मी लावलं. वर माझ्या त्या रेडिओसाठी राखलेल्या खर्जातल्या आवाजात म्हणालो, "आणि आता, डोंगरातलं एक विरहगीत."

आडगावच्या बांधकामावर मोबाइलभोवती हसत बसलेली माणसं त्या गाण्यासरशी उठली. बुधाचं वर्ष तर होऊन गेलेलं. मग आता ही चाल कुणासाठी? फुलाबाईला उरलेला लेक एकच, दिनेश. त्याचा फोन लागला नाही.

हे सगळं मला सावळीरामने माझ्याच स्कूटरवर मागे बसून सांगितलं. मखमलाबादला पोचेपर्यंत तो बोलत होता आणि मी 'हो' एवढंच म्हणत होतो.

बागेच्या कडेला पंधरा-वीस माणसं बसली होती. झोपडीच्या दाराशी सुपात तांदूळ होते. प्रत्येकाने आणलेली मूठ. जित्या पोराच्या नावाने आलेले तांदूळ शिजवायचे कसे आणि टाकायचे कसे, हे कुणाला सुचत नव्हतं. मी दिलेली साडी तारेवर वाळत होती. येणारा-जाणारा तिच्याकडे बघत होता.

"लोक म्हणतात, हिनं पोराचं गाणं साडीवर दिलं," सावळीराम म्हणाला. "समद्यांपुढं सांग. तिनं दिलं का तू घेतलं?"

फुलाबाई चुलीपाशी त्याच जागी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिला वाटत होतं, हा आला म्हणजे आता खरं काय ते सांगेल.

"त्यांनी दिलं नाही," मी म्हणालो. इथवर ठीक होतं. मग तोंडातून आलं, "मशीन चुकून चालू राहिलं."

"तू म्हणाला व्हतास, बंद केलंय," फुलाबाई म्हणाली.

"मला वाटलं बंद झालं."

ती मान खाली घालून चुलीतलं लाकूड आत सारू लागली. तिला कळलं होतं. अंगठा बटणावर ठेवून मी थांबलो होतो तेवढा वेळ तिनेही पाहिलाच असणार. बायडाबाई नावाची एक म्हातारी, फुलाबाईची चुलत सासू, तंबाखू मळत म्हणाली, "शिकल्याल्या माणसाचं मशीन चुकतं आन नाव आमच्या बाईचं जातं." आणि पुन्हा सगळे त्या साडीकडे बघायला लागले.

त्या रात्री मी दादापाशी जाऊन बसलो. आमचं घराणं रामकुंडावरच्या उपाध्यांचं. मी नोकरी धरली, पण माझा थोरला भाऊ अजून रोज घाटावर दहाव्या-तेराव्याचे विधी सांगतो. लहानपणी एकदा मी ओसरीवर खडे मांडून दहाव्याचे मंत्र म्हणत खेळत होतो. कधी हात न उचलणाऱ्या आमच्या वडिलांनी फाडकन माझ्या तोंडात दिली होती. ते शब्द घाटावर म्हणायचे, घरात नाही. घरात म्हटले तर घरातलं कुणी जातं. म्हणजे फुलाबाईच्या पाड्यावरची रीत मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

मी दादाला सगळं सांगितलं. तो सुपारी कातरत होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग चुकून कसं झालं?"

एवढं बोलून तो झोपायला गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो.

यशश्री मला वाचवायला धडपडत होती. पोर गुणाची आहे. "काका, आपण 'तांत्रिक चुकीबद्दल दिलगीर आहोत' असं एक वाक्य लावू. तुम्ही काही बोलू नका. परवान्याची भानगड झाली तर सगळं केंद्र अडकेल. आणि मी तो भाग रेडिओच्या एका स्पर्धेला पाठवलाय, तो मागे घेते."

"तांत्रिक चूक नव्हती ती."

"हे मला सांगू नका ना," ती म्हणाली आणि खाली बघू लागली.

मी सगळीकडून ते गाणं पुसलं. केंद्रातून, घरच्या संगणकातून, फोनमधून. सावळीरामला फोन करून सांगितलं की रविवारी बारा वाजता सगळ्यांना रेडिओ लावायला सांग. तो म्हणाला, "आता काय लावणार हायस?" मी म्हणालो, काही लावणार नाही.

रविवारी माईकसमोर बसलो तेव्हा लक्षात आलं की माझा तो खर्ज कुठेतरी गेला आहे. घशातून निघाला तो ग्रंथालयातल्या कारकुनाचा आवाज. मी म्हणालो, "मी बाळाजी. मागच्या रविवारी शेवटचं गाणं लावलं, ते फुलाबाईंनी रेडिओला दिलेलं नव्हतं. त्यांनी मला मशीन बंद करायला सांगितलं. मी बंद केलं नाही आणि बंद केलं म्हणून सांगितलं. त्यांच्या घरी सगळे सुखरूप आहेत. साडी लग्नाच्या गाण्यांसाठी होती. नंतर त्यांच्या माणसांसमोर मी म्हणालो की चुकून झालं. तेही खोटं होतं. मुद्दाम केलं. मला ते लोकांना ऐकवून शाबासकी हवी होती."

दीड मिनिट लागलं असेल. उरलेल्या तासात काय लावायचं ते मला सुचेना. यशश्रीने काचेपलीकडून मिरचीवरच्या फुलकिड्यांचा सल्ला लावून दिला. 'वाटेल ते' पुढील सूचनेपर्यंत बंद झालं. सूचना आली नाही आणि मीही विचारली नाही.

संध्याकाळी सावळीरामचा फोन आला. "ऐकलं समद्यांनी. बाईवरचा बोल गेला," तो म्हणाला. माझ्याबद्दल तो काही बोलला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मी एकदा मखमलाबादला गेलो. रेडिओवर बोललो होतो, पण तिच्यासमोर बसून बोललो नव्हतो. काढणी जोरात होती. बांधाशी स्कूटर लावली तेव्हा मांडवाखालून गाणं येत होतं. दहा-बारा जणी द्राक्षं खुडता खुडता म्हणत होत्या, आणि पुढे फुलाबाईचा आवाज. मी हातातली किल्ली खिशात टाकून ओळीच्या तोंडाशी गेलो. पहिल्या बाईने मला पाहिलं. गाणं थांबलं. कुणी कुणाला खुणावलं नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. नुसतं थांबलं आणि कात्र्यांचा आवाज तेवढा राहिला.

फुलाबाई हात पुसत आली. क्रेट उलटा करून मला बसायला दिला, पाणी दिलं.

"फुलाबाई, मी तुमच्यापुढे खोटं बोललो," मी म्हणालो.

"ऐकलं मी रेडिओवर," ती म्हणाली. "दिनेश येऊन गेला परवा. बरा हाय."

मग तिने एक घड आणून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा. गोड हायेत." मी खाल्ली. पंधरा-वीस मिनिटं बसलो. ती ऊनपावसाचं बोलली, मुकादमाचं बोलली. तेवढ्या वेळात त्या ओळीत कुणी साधं गुणगुणलंसुद्धा नाही. वागायला सगळ्या चांगल्या होत्या. एकीने चहाचंही विचारलं.

मी उठलो, हात जोडले. बांधापर्यंत पोचलो असेन, तोच मागे फुलाबाईने पुन्हा गाणं उचललं आणि बाकीच्यांनी धरलं. लग्नाचं नव्हतं, कामाचं असावं. मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पाय आपोआप थांबले. मग मी किल्ली काढली आणि पुढचं ऐकू येऊ नये म्हणून स्कूटर सुरू केली.